लोड लागल्यावर

बुधवारी मकरपुऱ्याची लाइन बंद असते सकाळभर,
म्हणून खामकरकाका बुधवारीच येतात.
आज सायकलच्या कॅरिअरवर सुतळीनं करकचून बांधलेलं:
बसच्या वायपरची मोटर,
भंगारातल्या ॲम्बेसेडरचा डायनामो,
आणि शिलाई मशीनचं चाक, मुठीसकट.

"शरयू, बघ. बॅटरीनं नुसता धक्का द्यायचा.
मग मोटर डायनामोला फिरवील,
डायनामो मोटरला पोसेल,
वर दोन बल्ब उरतील आपल्याला."
दोन बल्ब उरतील,
हे ते असं म्हणाले
जसं पंगत उठल्यावर कुणी म्हणावं
चार लाडू उरतील घरच्यांना.

मी बावीस वर्षं तांबं गुंडाळते आहे,
ओठांत आकडा धरून, स्लॉटमागून स्लॉट.
जळलेली मोटर मला वासावरून कळते:
हिला झेपेना एवढं ओढायला लावलं,
हिची एक फेज गेली,
हिच्या बेअरिंगला दिवाळीपासून ग्रीस नाही.
काका, हात लावा इथे. गरम लागतं ना?
ती वीजच आहे, कामावर न पोचलेली.
ही गुणगुणही तीच.
आणि हा पट्टा, चुई चुई करत,
जकात नाक्यावरच्या कारकुनासारखा
येताजाता आपला वाटा काढतो.
शंभर टाकले की ऐंशी हातात,
पुढच्या फेऱ्यात त्या ऐंशीचे चौसष्ट.

"मग मोठं चुंबक लावू."
मोठं चुंबक मोठा अडथळा करतं.
"अगं, पण चुंबक खातं काय?
त्याला पगार नको, ते दमत नाही."
पायरीही दमत नाही, काका.
म्हणून ती कुणाला उचलून माडीवर नेते का?

लेथपाशी रिकामे बसलेले हसमुखभाई म्हणाले,
"मफतमां कंई न मळे, काका."
काकांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.
एकतीस वर्षं मिलमध्ये फिटर,
भोंगा थांबला तेव्हा अजून ग्रॅच्युइटीचा हिशेब चालूच.
फुकट काय मिळतं, काय नाही,
हे त्यांना लेथवाल्याकडून कळायचं नव्हतं.

बॅटरी जोडली. चाक फिरलं.
वायर काढली, तरीही फिरलं.
मी मनात मोजत होते, ते मोठ्यानं.
नवाला पट्टा लडबडला,
अकराला सगळं गप्प.
"अकरा," ते म्हणाले. "मागच्या वेळी सात होते."

आता याला काय उत्तर द्यायचं.
मी मोटरचा पट्टा उतरवला,
चाकाची मूठ त्यांच्या हातात दिली. फिरवा.
बल्ब सुटा होता. चाक हलकं,
रिकाम्या रहाटासारखं भरभर.
मग मी बल्बची वायर टेकवली
आणि काकांचा खांदा थबकला,
दाराआडून कुणी उलट रेटावं तसा.
"काढ." हलकं.
"लाव." जड.
"काढ. लाव. काढ गं."
शाळेत त्या नियमाला एका साहेबाचं नाव होतं,
ते मी उच्चारलं नाही.
"कोण अडवतंय?" त्यांनी विचारलं.
"हा उजेड," मी म्हटलं. "तुमच्या दंडातून निघतोय तो."

ते बोलले नाहीत. फिरवत राहिले.
बल्ब पिवळा, जरा कापरा,
शेडच्या अंधारात हातभर जागा उजळलेली.
तेवढ्यात मी सरकून घेतलं स्टूल
आणि पंपाच्या मोटरचे राहिलेले वेढे घातले, बत्तीस.
सत्ताविसाव्याला उजेड मंदावला.
मी वर पाहिलं. त्यांनी हात बदलला होता.

सव्वाबाराला लाइन आली.
ट्यूब दोनदा फडफडली, लेथ खाकरला,
आणि एवढ्या प्रकाशात
काकांचा बल्ब लागलाय की नाही ते कळेना.
त्यांनी मूठ सोडली. मनगट चोळलं.
पट्टा गुंडाळून शर्टाच्या खिशात घातला.

"पुढच्या बुधवारी गिअर लावून आणतो.
पट्टा घसरतो, तिथंच जातं सगळं.
पंधरापर्यंत नक्की जाईल."
"पंधरा सेकंद?" मी विचारलं.
ते बाहेर उन्हात वाकून
सायकलची साखळी चढवत होते.